मापाची वही

छाती अडतीस, कंबर तीस,
डावा खांदा अर्धा इंच खाली.
सन चौऱ्याहत्तर. कॅप्टन त्र्यंबक वैरागडे, कामठी छावणी.
अक्षर बापाचं.
मी तेव्हा काजं करायचो, बटणं लावायचो,
पितळी बटणं, त्यात माझंच नाक मोठं दिसे.

खांदा काऊन खाली, हे बापानं विचारलं नाही.
शिंप्यानं विचारायचं नसतं.
आतून चिमूटभर कापूस भरायचा
आणि माणूस सरळ दिसतो.

पुढे वही माझ्या हाती आली. मेजर.
मग बरीच वर्षं कोरी, बर्फात कुठेतरी.
मग एकदम कॉलरवर लाल पट्टी, छाती बेचाळीस,
फितींच्या चार ओळी,
खांदा तोच, कापूस तोच.
दर वेळी शिवणीत दोन बोटं कापड दाबून ठेवायचो.
सरकार पद देतं, देव पोट देतो,
वर्दी उसवून वाढवता आली पाहिजे.

रिटायर होऊन सदरच्या दुकानात आले तेव्हा
मी कुलरच्या वाळ्यावर पाणी मारून राहिलो होतो.
म्हणाले, मास्तर, कुर्ते शिवा. सहा. पांढरे.
पहिला घालून आरशापुढे उभे राहिले.
खांदा पडल्यासारखा दिसतो न? वय झालं.
हो जी, म्हटलं. वय झालं.

पोस्टरवर मात्र सरळ होते.
कॉम्प्युटरवाल्या पोरानं एका क्लिकमध्ये खांदा उचलून दिला.

सभा सहाची. इतवारीत साहेब पावणेसहाला हजर.
मांडववाला अजून बांबू मोजत होता.
साहेबांनी स्वतःच खुर्च्या लावल्या, सुतात, ओळीनं,
आठला लोक आले
आणि खुर्च्या उचलून
आपापल्या ओळखीच्या माणसाजवळ घेऊन बसले.
ती निवडणूक हरले. पुढची जिंकले.
मधल्या पाच वर्षांत काय शिकले ते वहीत नाही.
वहीत एवढंच:
कुर्त्याला आतून एक खिसा जास्त.
जॅकेट दोन, वेगवेगळ्या रंगाचे.

त्या डिसेंबरात अधिवेशनाला साहेब राज्यमंत्री.
मॉरिस कॉलेजच्या चौकात मोर्चे अडवलेले,
मी कुणाचा तरी कोट पोचवायला निघालो, तिथेच फसलो.
माजी सैनिक. सगळ्यात पुढे सुभेदार शालिक नेवारे,
एका पायावर, काखेत कुबडी, डोक्यावर पलटणीची टोपी.
निवेदन घ्यायला साहेब गाडीतून उतरले.
नेवारेनं कडक सॅल्यूट ठोकला.

साहेबांचा हात उठला.
कानशिलाच्या चार बोटं अलीकडे थांबला.
उघड्या डोक्यानं सॅल्यूट देत नसतात.
हे कळलं त्या तीनशे म्हाताऱ्यांना, आणि मला.
थोडा वेळ तो हात हवेत होता, कोणाचाच नसल्यासारखा,
मग खाली येऊन दुसऱ्या हाताला जुळला.
नमस्कार झाला. कागद पी.ए.नं घेतला.

नेवारेचा हात वरच.
उत्तर आल्याशिवाय उतरवायचा नसतो.
गाडी टेकडीकडे वळली, तरी वरच.

रात्री शटर अर्धं ओढलेलं, साहेब वाकून आत आले.
पिशवीत जुनी वर्दी.
वाढवून द्या, मास्तर. बसत नाही.
मी उसवून पाहिलं. दाबलेलं कापड
शेवटच्या बढतीलाच संपलं होतं.
खांद्याच्या शिवणीतून कापूस तेवढा बाहेर आला,
पिवळा, गाठी झालेला.

हे काय आहे?
खांदा, जी.
कधीपासून?
चौऱ्याहत्तरपासून.

साहेब स्टुलावर बसले. काही बोलले नाहीत.
बाहेर कोणीतरी ड्रायव्हरला चहा देऊन राहिलं होतं.
मग तो कापूस उचलून
कुर्त्याच्या आतल्या खिशात ठेवला,
तो जास्तीचा, मीच शिवलेला,
आणि गेले.

वर्दी अजून खुंटीला आहे.
पावती फाडली नाही.